मिस वहीत काय लिहितात

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ आत येत नसे. दूध आलं की आते नखावर थेंब घेऊन तो कसा ओघळतो ते बघायची. कोथिंबिरीची जुडी सोडून आतली पानं बाहेर काढायची. पाहुणा आला तर तो उंबऱ्यात चपला काढत असतानाच, हा आज का आला असेल, याचा विचार तिच्या डोक्यात सुरू झालेला असायचा. आते म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती कणकवलीहून आमच्याकडे आली आणि राहिली. तिथे दिरांनी तिला गोड बोलून घराबाहेर काढलं होतं, त्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसाची तिला उभ्या जन्माची धास्ती बसली होती. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, आते अशीच आहे, तिखट, तिने कांडलेल्या मसाल्यासारखी.

आमची चाळ घाटकोपरला, पश्चिमेच्या टेकडीच्या उतारावर. बैठी चाळ, समोरासमोर आठ-आठ खोल्या, मधे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला नळ. डोक्यावर पत्रे. विमानतळ जवळ असल्यामुळे दर पाच-सात मिनिटांनी एक विमान इतकं खालून जायचं की पत्रा थरथरायचा आणि बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायचा. विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलणं चालू. बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटे. आता तिथे बावीस मजल्यांची इमारत आहे, काचा बंद केल्या की विमानाचा आवाज येत नाही असं म्हणतात. मी अजूनही बोलता बोलता मधेच थांबते, आणि माझ्या मुलीला वाटतं आई विसरायला लागली.

सिल्व्हिया मिस आमच्या अंगणात पहिल्यांदा आल्या तो दिवस शनिवारचा होता, कारण घरात काळ्या वाटाण्याचं सांबार शिजत होतं. शनिवारी आते वशाटाला, म्हणजे मासळी-मटणाला, हात लावायची नाही. मग सकाळी वाटाणे, संध्याकाळी घावणे. मिस खालच्या गावठाणात राहायच्या. तिथली ख्रिस्ती घरं आमच्याही आधीपासूनची, मराठी बोलणारी. शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. उंच, सडसडीत, केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. खांद्याला खाकी पिशवी. त्यांनी कमिटीचे सेक्रेटरी घाडीकाका यांची गाठ घेतली आणि सांगितलं, चाळीची जी मोकळी खोली आहे ती मला शनिवारी चार ते सहा द्या, मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलींचा क्लब चालवीन. फी नाही.

"फी नाही?" घाडीकाकांनी विचारलं.

"नाही."

"मग अट कसली?"

"कसलीच नाही. मला घरी बसवत नाही, म्हणून."

खोली मिळाली, पण हे "मला घरी बसवत नाही" कुणालाच पटलं नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे या विषयाचा कीस पाडला गेला. आते तव्यावर घावणे सोडत होती. पीठ पडल्याचा चर्र आवाज व्हायचा आणि मग ती बोलायची. "फुकट शिकवता? तिका काय व्हया आमच्याकडसून? पोरींका गोड बोलतली, मगे हळूच देवळात नेतली. तिच्या देवळात." पप्पांचा संशय वेगळा होता. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते, दिवसभर नव्या इमारतींमधून फिरायचे आणि कुठे कुणाची चाळ पडली, कुणाला कसं बाहेर काढलं, याच्या गोष्टी ऐकून यायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीतही मोजमापाची टेप घेऊन दोन माणसं फिरताना दिसली होती. "बिल्डरची बाई असणार," पप्पा म्हणाले. "आधी पोरींना धरायचं. पोरी घरातलं सगळं सांगतात." आई नर्सिंग होममध्ये आया होती. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे हो तिला. नळावर उभी राहून गप्पा मारते त्यापेक्षा बरं."

शेवटी ठरलं ते असं की मी जायचं, पण डोळे उघडे ठेवून. काय शिकवते, काय विचारते, कुठे नेते, सगळं घरी येऊन सांगायचं. मी अकरा वर्षांची होते. माझ्यावर घरातलं पहिलं जबाबदारीचं काम पडलं होतं ते हे, हेरगिरीचं. मी क्लबात गेले ती खेळायला नाहीच, पाळत ठेवायला.

बारा मुली होतो. माझी जिवाभावाची मैत्रीण हर्षदा, म्हणजे घाडीकाकांची मुलगी, माझ्या शेजारी बसायची. ती बोलायची कमी, पण तिच्या हाताला विलक्षण कसब होतं. मिसनी दोरीच्या गाठी शिकवल्या तेव्हा हर्षदाने डोळे मिटून सगळ्या बांधून दाखवल्या. लंगडी असायची, सायकलचं पंक्चर काढणं असायचं, विजेचा मीटर कसा वाचायचा ते असायचं. मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची, भाजलं तर काय करायचं, काय करायचं नाही. एकदा मिस घरून शेगडी आणि कुकर घेऊन आल्या आणि आम्हाला कुकरची शिट्टी सोडवून पुन्हा बसवायला लावली. मला हे सगळं आवडत होतं आणि आवडतंय याचाच मला संशय यायचा. आते म्हणालीच होती, आधी गोड वाटणार.

मला खटकायची ती वही. निळ्या पुठ्ठ्याची, लांब, दुकानदार वापरतात तशी. क्लब संपायच्या आधी मिस दारापाशी स्टुलावर बसायच्या आणि एकेकीला जवळ बोलवायच्या. कानात विचारायच्या, "या आठवड्यात काय बरं वाटलं? काय नाही वाटलं?" जे सांगू ते त्यांच्याजवळ राहील, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आम्ही बाहेर पडत असताना त्या वहीत काहीतरी लिहायच्या. बरं, त्यांच्याजवळच राहायचं असेल तर लिहायचं कशाला? माझा नंबर आला की मी काहीतरी थापा मारायचे. गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले, बरं वाटलं. मार्क मिळालेले नसायचे. मिस माझ्याकडे दोन क्षण बघायच्या आणि म्हणायच्या, "छान." मग लिहायच्या. थापेत लिहिण्यासारखं काय असेल, या विचाराने मला रात्रीचं जेवण जायचं नाही.

दर शनिवारी घावणे खाताना माझा अहवाल व्हायचा. आते तवा उतरवून समोर येऊन बसायची, पप्पा टीव्हीचा आवाज बारीक करायचे. मी बोलत असताना घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांचं माझ्याकडे लक्ष आहे, हे सुख मला तोवर माहीत नव्हतं. त्या सुखासाठी मी थोडं वाढवूनही सांगायचे. मिसनी हर्षदाला मागे थांबवलं, तर मी सांगायचे, दार लोटून घेतलं. दार लोटलेलं नसायचं. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा मला वाटायचं की माझ्या बोलण्याला वजन येतंय.

मग नकाशाचा शनिवार आला. मिसनी मोठे कागद दिले आणि म्हणाल्या, आपापल्या घराचा नकाशा काढा. वरून पाहिल्यासारखा. दार कुठे, खिडकी कुठे, आग लागली तर कुठून बाहेर पडाल ते बाणाने दाखवा. मी मन लावून काढला. पोटमाळा काढला, त्याची शिडी काढली, आणि मागची मोरीही काढली, पप्पांनी परवानगीशिवाय दीड फूट मागच्या गल्लीत पुढे घेतलेली. बहुतेक सगळ्यांनीच मोऱ्या पुढे घेतल्या होत्या. मिसनी कागद गोळा केले आणि घरी नेले.

मी हे सांगितलं तेव्हा पप्पांच्या हातातला तुकडा ताटात पडला.

"मोरी दाखवलीस?"

"हो. नीट माप घेऊन. पावलांनी."

"वाट लागली," पप्पा म्हणाले. आतेने माझ्याकडे आणि मग पप्पांकडे असं बघितलं, की मी सांगितलं नव्हतं?

त्यानंतर मधे एकच आठवडा गेला. बुधवारी शाळेतून आले तर मागच्या गल्लीत बायका जमल्या होत्या. पुढे काढलेल्या प्रत्येक मोरीच्या भिंतीवर पांढऱ्या खडूने फुली मारलेली होती. दुपारी दोन माणसं आली, मारून गेली, विचारलं तर काही बोलली नाहीत. पुढच्या महिन्यात कळलं की ते गटाराची लाइन बदलणारे होते आणि फुल्या फक्त कुठून खोदायचं नाही हे कळावं म्हणून होत्या. पण ते पुढच्या महिन्यात. त्या बुधवारी सगळ्या चाळीला एकच गोष्ट दिसत होती: मुलींनी नकाशे काढले आणि भिंतींवर फुल्या आल्या.

संध्याकाळी घाडीकाका आमच्याकडे आले. चाळीत त्यांच्याइतका मान कुणाला नव्हता. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, घाडीकाका अर्ज लिहून द्यायचे. गणपतीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. घोटभर चहा पिऊन ते म्हणाले, "ती वही बघायला पाहिजे. त्यात सगळं असणार. हर्षदाला सांगितलं तर ती नुसती रडते. आपली वैजू धीट आहे."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते फारसं आवडलेलं नव्हतं, पण ते नाही म्हणाले नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

शनिवारी बँडेजचा सराव होता. मिसची पिशवी नेहमीप्रमाणे खिळ्याला अडकवलेली. त्या हर्षदाच्या मनगटाला पट्टी गुंडाळून सगळ्यांना दाखवत होत्या तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून उठले, वही काढली, फ्रॉकच्या आत सरकवली आणि बाहेर आले. घाडीकाका अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नळापाशी उभे होते. त्यांच्यापर्यंत जायला पन्नास पावलं. मी सरळ गेले नाही. आमच्या खोलीच्या आडोशाला थांबून वही उघडली आणि माझं नाव शोधलं.

"वैजयंती. फळ्यावरचं दिसत नाही, सांगत नाही. चष्मा? आईला गाठायचं. मला सांगते ते बहुतेक खोटं. घरी जाऊन इथलं सगळं सांगते, तेही वाढवून. सांगू दे. गोष्ट रंगवायला येते पोरीला."

मी ते दोनदा वाचलं. मला राग आला. आपण तिच्यावर नजर ठेवत होतो आणि ती आपल्याला बघत होती, पहिल्यापासून. खूप वर्षांनी या ओळींतली माया मला दिसली. त्या दिवशी दिसला तो फक्त पकडला गेल्याचा अपमान. बाईला सगळं कळतं. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. मी पुढचं पान उलटलं नाही. जाऊन वही घाडीकाकांच्या हातात दिली.

पाच मिनिटांत अंगण भरलं. कुणीतरी मिसना बाहेर बोलावलं. त्यांच्या मागोमाग मुली आल्या, कुणाच्या कपाळाला पट्टी, कुणाचा हात झोळीत, हर्षदाच्या मनगटाला अर्धी सुटलेली पट्टी लोंबत होती. घाडीकाकांनी वही वर धरली. "हे काय आहे, मिस?"

"माझी वही आहे. परत द्या."

"देऊ ना. सगळ्यांसमोर वाचू आणि देऊ. तुमचं काही लपवायचं नसेल तर."

"ती वाचायची नाही," मिस म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यामुळेच सगळ्यांना जास्त संशय आला.

घाडीकाका वाचू लागले. आरती म्हणतात तसा खणखणीत आवाज. मी त्यांच्या कोपराशीच उभी होते, कारण वही मी आणली होती. रेश्मा, नखं खाते, रक्त येईपर्यंत. हशा पिकला. सोनल, बूट लहान झालेत, चवड्यांवर चालते. सोनलची आई पदर तोंडाला लावून आत गेली. मनीषा, पोट दुखतं म्हणते, घाबरली आहे, पाळीबद्दल कुणी सांगितलेलं नाही. बाप्ये इकडेतिकडे बघायला लागले. मोऱ्या कुठेच येत नव्हत्या, फुटांचं माप येत नव्हतं. मग माझं नाव आलं आणि ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं. माझे कान तापले. घाडीकाकांनी पान उलटलं, तोंड उघडलं आणि थांबले.

विमान नव्हतं. तरी ते थांबले.

"पुढे काही नाही," ते म्हणाले आणि वही मिटली. "कोरी पानं आहेत."

आते आमच्या उंबऱ्यात तांदळाचं सूप घेऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, "कोरी पानां तर मगे वाचूक तोंड उघडलंस कित्या?"

"आते, उगाच नको त्यात पडू," घाडीकाका म्हणाले.

मी म्हटलं, "कोरी नाहीत. लिहिलंय. मी बघितलं." मला फक्त "हर्षदा" एवढा शब्द दिसला होता.

आते उठली. सूप बाजूला ठेवलं, अंगण ओलांडलं आणि घाडीकाकांच्या हातातून वही काढून घेतली. ते देणार नव्हते, पण तिने अशी काढली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री काढतात. तिला अक्षरं लागत नव्हती. तिने वही माझ्यापुढे धरली. "वाच गो."

मी मिसकडे बघितलं. त्या मान हलवत होत्या. नाही. नको. आणि मी काय समजले ते आज स्पष्ट लिहायला हवं, कारण नंतर चाळीत माझं खूप कौतुक झालं आणि मी ते होऊ दिलं. मला हर्षदाला वाचवायचं नव्हतं. त्या पानावर काय आहे याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं, सापडली. घाडीकाका घाबरले आणि बाईही घाबरली, म्हणजे दोघं मिळालेले आहेत, मोऱ्यांचं सगळं याच पानावर आहे. मी घसा साफ केला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचलं.

"हर्षदा. पाठीवर वळ. पट्ट्याचे. मागच्या महिन्यातही होते. विचारलं तर म्हणते, जिन्यावरून पडले. बैठ्या चाळीत जिना कुठे आहे? आईच्या हातावरही आहेत. वडिलांशी बोलायचं नाही, त्याने वाढेल. सोमवारी ते कामावर गेल्यावर आईला भेटायचं. एकटीला."

शेवटच्या दोन ओळींपर्यंत मला कळलं होतं, तरी तोंड थांबलं नाही. वाचायला सुरुवात केली की पूर्णविरामापर्यंत जायचं, एवढंच शाळेने शिकवलं होतं.

मग विमान आलं. इतकं बरं मला त्या आवाजाचं आयुष्यात कधी वाटलं नाही. ते जाईपर्यंत कुणाला काही बोलावं लागलं नाही. गेल्यावर घाडीकाका म्हणाले, "आपल्या पोरांना शिस्त लावायची नाही का माणसाने?" ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, पण मान कुणी डोलावली नाही, आणि नाही असंही कुणी म्हणालं नाही. पप्पा पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होते. घाडीकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांवर पदर ओढून घेतला आणि हर्षदाला हाक मारली. हर्षदा जाताना माझ्या जवळून गेली. पट्टीचं टोक फरशीवरून घसटत होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मिस माझ्यापुढे आल्या. "वही दे." मी दिली. त्या मागे वळून मुलींना म्हणाल्या, "पट्ट्या गोळा करा." सगळ्या पट्ट्या नीट गुंडाळून पिशवीत घातल्या, आणि मग गेल्या.

आते मात्र घरात आली नाही. तिने सूप उचललं, घाडींच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. घाडीकाका बाहेरून आत जायला आले तर म्हणाली, "मी हयसरच बसतंय. माका आज हयसरचो वारो बरो लागता." ते परत फिरले आणि नाक्यावर गेले. दिवेलागण झाली तरी ती तिथेच. आई दोन घावणे आणि चहा तिथेच घेऊन गेली आणि मग तिच्याजवळ बसली. थोड्या वेळाने सोनलची आई आली. तिघींनी मिळून ते एवढेसे तांदूळ दोनदा निवडले. पप्पांनी खाली जाऊन कुर्ल्याला, हर्षदाच्या मामाला, फोन लावला. रविवारी सकाळी हर्षदाचा मामा रिक्षा घेऊन आला आणि मायलेकींना नेहरूनगरला, आपल्या घरी, घेऊन गेला.

चाळीत त्यानंतर बरंच बोललं गेलं. घरातलं घरात मिटलं असतं, बाहेरच्या बाईने वेशीवर टांगलं, असं म्हणणारे काही कमी नव्हते. घाडीकाका पुढे दोन वर्षं सेक्रेटरी राहिले. लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच जायचे. मिसना खोली पुन्हा देण्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही. खोलीला फक्त नवीन कुलूप लागलं.

तीन आठवड्यांनी आतेने मला गावठाणात पाठवलं. "जा नि तिका सांग, आमची चूक झाली." आमची म्हणाली, तुझी नाही. एवढी माघार तिने आयुष्यात दुसऱ्या कुणापुढे घेतल्याचं मला आठवत नाही. मिसचं घर बसकं, कौलारू, समोर पडवी. आतून मुलींचा आवाज येत होता. क्लब तिथे हलला होता आणि आमच्या चाळीतल्या पाच मुली रोज शाळेत माझ्याशी बोलत असूनही कुणी मला ते सांगितलं नव्हतं.

मी पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. मिसनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "का वाचलंस?"

"मला वाटलं तुम्ही काहीतरी लपवताय."

"लपवतच होते. ते लपवायचंच होतं." त्या पुढे म्हणाल्या, "मी सोमवारी गेले असते. काकू माझ्याशी बोलल्या असत्या, नसत्या, मला माहीत नाही. कदाचित वर्ष गेलं असतं. तुझ्या वाचण्याने हर्षदा दुसऱ्या दिवशी सुटली. तेही खरंच आहे. पण वाचायच्या आधी तू एकदा तिच्याकडे बघायला हवं होतंस, वैजू. ती तिथे उभी होती." मला वाटलं आता त्या मला माफ केलं म्हणतील. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. आतल्या दाराकडे बोट केलं. "दोरी कमी पडते आहे. पडवीतली घेऊन आत ये."

मी पुन्हा दर शनिवारी जायला लागले. मिस वहीत लिहायच्या ते बंद झालं. दारापाशी बसून अजूनही विचारायच्या, काय बरं वाटलं, काय नाही. पहिल्या शनिवारी माझ्या मागे दोघीजणी होत्या, तरी मी म्हटलं, हर्षदा नाही ते बरं वाटत नाही. खरं सांगायला किती थोडा वेळ लागतो याचं मला आश्चर्य वाटलं.

दिवाळीनंतर हर्षदा आली. मामाने दारापर्यंत सोडलं, सहाला घ्यायला येतो म्हणाला. तिचे केस कापले होते आणि ती थोडी जाड झाली होती. काकू एका पोळीभाजी केंद्रात कामाला लागल्या होत्या, हे मला रेश्माकडून कळलं. त्या दिवशी हर्षदा समोरच्या भिंतीला टेकून बसली. पुढच्या शनिवारीही. त्याच्या पुढच्याही. गाठी बांधताना तिची बोटं भराभर चालायची आणि मी इतकी बघत राहायचे की माझी दोरी तशीच राहायची. बोलायला जावं असं दर वेळी ठरवायचे. काय म्हणायचं ते सुचायचं नाही.

चौथ्या की पाचव्या शनिवारी ती उशिरा आली. मुली वाढल्या होत्या, चटई भरली होती. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई म्हणते, तू वाचलंस ते बरं झालं," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"मला नाही तसं वाटत."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," हर्षदा म्हणाली. "सरक ना. मला बसायचंय."

मी सरकले.